घरगुती टिपणें : अतलसाचा जोडा

गेल्या महिन्यांत या सदरांत आम्हीं तांब्यापितळेच्या भांड्यांविषयीं चार शब्द लिहिले. ते वाचून एका वाचकभगिनीनें विचारलें कीं, "भांड्यांचें झालें, आतां वस्त्रांविषयीं कांहीं सांगाल काय?" वस्त्रांविषयीं लिहावें असें आमच्याहि मनांत होतेंच. परंतु आज ज्या वस्तूविषयीं लिहावयास बसलों आहों ती अर्धी वस्त्र आणि अर्धी पादत्राण आहे. सोंवळ्याओंवळ्याचा विचार करणाऱ्या घरांत जोड्याची गोष्ट माजघरापर्यंत आणूं नये, हें आम्ही जाणतों. परंतु ती गोष्ट आमच्या माजघरांत आपण होऊन आली, आणि छत्तीस वर्षें दुसऱ्यांस धडे देण्यांत घालविलेल्या आम्हांस तिनें एक धडा दिला. तो धडा एकट्यानें गिळून बसणें शिक्षकाच्या धर्मास शोभणारें नाहीं, म्हणून हा प्रपंच.

आमच्या धाकट्या बंधूंची मुलगी पुण्यास नोकरी करते. दिवसभर कचेरींत काम करून संध्याकाळीं ती एका वर्गांत नृत्य शिकते. हें नृत्य कथ्थक नव्हे, भरतनाट्यम् नव्हे. ज्यास बॉलरूम म्हणतात तें जोडीनें करावयाचें युरोपियन नृत्य होय. वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, टँगो हीं त्यांतल्या प्रकारांचीं नांवें. ही बातमी प्रथम घरीं आली तेव्हां जी शांतता पसरली तिचें वर्णन करण्याचें कारण नाहीं. वाचकांच्या घरींहि निरनिराळ्या निमित्तांनीं तशा शांतता पसरल्या असतीलच. बंधु कांहींच बोलले नाहींत. आमच्या मातोश्रींचें वय आज ८८ वर्षांचें आहे. त्या एवढेंच म्हणाल्या, "नोकरी सोडून तर नाहीं ना नाचत?" नोकरी सोडलेली नाहीं असें कळल्यावर त्यांनीं विषय मिटविला. मिटविला म्हणजे संपविला नव्हे, घडी घालून ठेविला.

आम्हीं मात्र आमच्या संवयीप्रमाणें माहिती काढली. लंडन येथें नृत्यशिक्षकांची इम्पीरिअल सोसायटी १९०४ सालीं स्थापन झाली आणि १९२४ सालीं तिची बॉलरूमची शाखा निघाली. पाऊल कोठें पडावें, टांच आधीं टेकावी कीं चवडा, अंग किती वळावें, याचे नियम त्या शाखेनें बांधून दिले. जणू त्या नृत्याचें व्याकरणच लिहिलें. ब्लॅकपूल येथें १९२० सालीं सुरू झालेला महोत्सव या नृत्याची काशी समजला जातो. आपल्याकडेहि गोव्यांतील ख्रिस्ती कुटुंबांत लग्नप्रसंगीं पाहुणे मंडळी जोडीनें नाचतात, आणि त्यांत आजोबाआजीहि असतात. व्याकरण आहे म्हटल्यावर आमचा अर्धा विरोध मावळला. उरलेला अर्धा कसा मावळला तें पुढें येईलच.

यंदा ती महालक्ष्म्यांच्या सणास घरीं आली. आमच्या मराठवाड्यांत गौरींस महालक्ष्म्या म्हणतात आणि त्या तीन दिवसांत बाहेरगांवीं असलेलीं सारीं माणसें घरीं येतात. सणानंतर पंधरा दिवसांनीं पुण्यास तिची स्पर्धा होती. सराव चुकूं नये म्हणून तिनें नाचाचा जोडा बरोबर आणला होता आणि पहांटे सगळे उठण्यापूर्वीं ती बैठकींतल्या शहाबादी फरशीवर एकटीच पावलें टाकीत असे. आम्ही पहांटे संध्येस उठतों, म्हणून तें आम्हांस ठाऊक, इतरांस नाहीं. फरशी खडबडीत असल्यामुळें ती पायांत साधे मोजेच घाली. जोडा तिनें एकदांच आम्हांस दाखविण्यासाठीं पिशवींतून काढला. फिकट सायीच्या रंगाचा, दोन इंच उंच टांचेचा, आणि वरून सर्व अतलसानें मढविलेला असा तो होता. चार महिने पैसे बाजूस टाकून तिनें तो घेतला होता.

अतलस हा शब्द नवीन पिढीस ठाऊक नसेल. ती त्यास साटीन म्हणते. अरबी भाषेंत अतलस म्हणजे गुळगुळीत. पेशवाईच्या काळांत किनखाप, मशरू आणि अतलस हीं नांवें बरोबरीनें येत. साटीन हा शब्दहि प्रवास करून आलेला आहे. चीनच्या ज्या बंदरास आज च्वान्जौ म्हणतात त्यास अरब व्यापारी जैतून म्हणत. त्यावरून हें नांव पडलें असें कोशकार मानतात. आपल्या पूर्वजांसहि चीनचें रेशीम ठाऊक होतें. कालिदासाच्या शाकुंतलांत चीनांशुकाचा उल्लेख आहे.

परंतु येथें एक गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे. अतलस हें सुताचें नांव नव्हे, विणीचें नांव आहे. साध्या विणींत आडवा धागा उभ्या धाग्याच्या एकदां वरून व एकदां खालून जातो. अतलसाच्या विणींत धागा चार किंवा सात धाग्यांवरून सरळ तरंगत जातो आणि मग एकाखालीं बुडी मारतो. बुडी मारण्याचीं ठिकाणें अशीं विखुरलेलीं असतात कीं, डोळ्यांस तीं दिसत नाहींत. दिसतो तो केवळ तरंगणारा धागा. त्यावर पडलेला प्रकाश अखंड परत येतो, म्हणून अतलस चमकतें. तिचा हाच गुण तिचा दोषहि आहे. तरंगणारा धागा नखास, अंगठीस, टांचेस चटकन अडकतो. आणि घांसला कीं, विसकटून त्या जागेची चमक कायमची जाते. ही एक गोष्ट ज्यास समजली त्यास पुढले सर्व नियम आपोआप समजतील.

आतां अपघाताची हकीगत. मुलीनें जोड्याची पिशवी माजघरांतल्या फडताळावर ठेविली होती. त्या फडताळाखालींच मातोश्रींच्या सोंवळ्याची वळणी आहे. मातोश्रींनीं विचारलें, "पायांतली वस्तु इतक्या उंच कशाला?" त्यांचें म्हणणें रीतीस धरूनच होतें. पिशवी तेथून निघाली आणि पडवींत, सर्वांच्या चपलांशेजारीं गेली. मुलीनें एकदां पिशवीकडे पाहिलें, आजीकडे पाहिलें, आणि ती कामास लागली.

पूजनाच्या दिवशीं संध्याकाळीं हळदीकुंकवाची गर्दी होती. बाहेर पाऊस होऊन गेलेला. आमचा पांच वर्षांचा नातू पडवींत खेळत होता. त्यानें पिशवी उघडली, एक जोडा पायांत घातला आणि तो अंगणांत उतरला. परभणीची काळी माती ज्यांनीं पावसाळ्यांत पाहिली आहे त्यांस पुढचें सांगणें नको. त्यास धरावयास घाईनें निघालेल्या सूनबाईंच्या हातचें तबक कलंडलें आणि पडवींत राहिलेल्या दुसऱ्या जोड्यावर हळद सांडली. डावा हळदीनें पिवळा, उजवा चिखलानें काळा! पाहुण्या बायका होत्या म्हणून कोणी कांहीं बोललें नाहीं. मुलीनें दोन्ही जोडे उचलून मागच्या मोरीवर नेले.

येथून शहाण्यांचें काम सुरू झालें. आमच्या सौभाग्यवतींनीं मायेपोटीं घाई करून हळदीच्या डागास कपड्यांचा साबण लावला. पाहतां पाहतां पिवळा डाग लालभडक झाला. सूनबाई रडूं लागल्या. वास्तविक यांत चमत्कार कांहीं नाहीं. हळदींतील पिवळें द्रव्य क्षाराच्या स्पर्शानें लाल होतें. हळदीवर संस्कार करून कुंकू होतें तेंहि याच गुणामुळें. धुण्याचा साबण क्षारयुक्त असतो, म्हणून हळदीच्या डागास प्रथम साबण लावणें म्हणजे त्याचें कुंकू करणें होय. आम्हीं पुढें होऊन लिंबाचा रस दुप्पट पाण्यांत मिसळला, पांढऱ्या फडक्याच्या टोकानें डागावर टिपला, आणि लाल रंग पुन्हां पिवळा झाला. सर्वांनीं आमच्याकडे आदरानें पाहिलें. तो आदरच आम्हांस भोंवला.

कारण त्या क्षणीं आमचें संस्कृत जागें झालें. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्रव्यशुद्धीचें प्रकरण आहे. कौशेय म्हणजे रेशीम आणि लोंकर हीं ऊषानें, म्हणजे खाऱ्या मातीनें, स्वच्छ करावीं. कुतप नांवाच्या कांबळ्यास रिठा वापरावा. अंशुपट्ट नांवाच्या तलम वस्त्रास बेलफळ आणि क्षौमास पांढरी मोहरी, असें तेथें सांगितलें आहे. याज्ञवल्क्यानेंहि आचाराध्यायांत बहुतेक तेंच सांगितलें आहे. हें सर्व आम्हीं मोरीवर उभें राहून सांगितलें. आपल्या घरांत पैठण्या व मुकटे पिढ्यान् पिढ्या रिठ्याच्या पाण्यांत धुतले जातात, हाहि दाखला दिला. आणि रिठे कोमट पाण्यांत कुसकरून, फेंस काढून, दोन्ही जोडे आम्हीं त्या पाण्यांत बुडविले. मुलगी म्हणाली, "मोठे काका, खालचं कातडं..." तिचें वाक्य पुरें होऊं दिलें नाहीं. "ऋषींनीं विचार केलेला आहे," असें आम्ही म्हणालों.

सकाळीं पाहतों तों कापडावरचा चिखल बराचसा गेला होता. परंतु तळाचें चामडें फुगून, वाळून, पत्र्यासारखें ताठ झालें होतें. उजव्या जोड्याचा तळ कडेनें उचलला होता आणि आंतला पुठ्ठा वांकला होता. मुलगी त्यावरून बोट फिरवीत बसली होती. ती रागावली असती तर बरें झालें असतें. ती म्हणाली, "असूं द्या काका, तुम्हीं चांगल्यासाठींच केलं." छत्तीस वर्षांत कोणत्याहि विद्यार्थ्यानें आम्हांस एवढें लाजविलें नव्हतें.

त्या दिवशीं आम्ही स्वतः जोडे घेऊन स्टेशनाकडल्या एका वृद्ध चर्मकाराकडे गेलों. त्यांनीं जोडा हातांत फिरविला, तळास नख लावलें आणि म्हणाले, "मास्तर, कापडाचा गुण ओळखलात, कातड्याचा नाहीं." नंतर त्यांनीं जें समजावून दिलें तें असें. नाचाच्या जोड्याचा तळ नेहमींच्या जोड्यासारखा गुळगुळीत चामड्याचा किंवा रबराचा नसतो. चामड्याची आंतली बाजू घांसून तिच्यावर बारीक लव काढलेली असते. ती लव गुळगुळीत लांकडी फरशीवर पाय सरकूंहि देते आणि आवरूनहि धरते. पाण्यानें ती लव चिकटून बसते व चामडें ताठतें. शिवाय तळ, पुठ्ठा आणि कापड हीं एकमेकांस खळीनें जोडलेलीं असतात. बुडवून ठेविलें कीं, खळ सुटते. त्यांनीं जोडे लांकडी फर्म्यावर चढविले, कड पुन्हां चिकटवून दोरीनें आवळली आणि दोन दिवस सावलींत ठेविलें. वाळल्यावर तारेच्या लहान ब्रशानें त्यांनीं तळाची लव हलक्या हातानें पुन्हां उभी केली.

घरीं आल्यावर मुलीनें आणखी एक गोष्ट दाखविली. आंतल्या शिवणींतून एक धागा काढून तिनें तो निरांजनावर धरला. रेशीम जळतांना केंस जळल्याचा वास येतो आणि राख बोटानें चुरली जाते. कृत्रिम रेशमाचा व्हिस्कोज धागा कागदासारखा भुरकन जळतो. हा धागा वितळला आणि त्याचा कडक मणी झाला. म्हणजे तें रेशीम नव्हतेंच. तें पॉलिएस्टर होतें. इंग्लंडांत १९४१ सालीं शोध लागलेल्या धाग्यास आम्ही मनूच्या आधारानें रेशमाची शुद्धि देत होतों!

विचार करतां असें दिसून आलें कीं, चूक स्मृतिकारांची नव्हती. त्यांनीं प्रत्येक वस्त्रास निराळें द्रव्य सांगितलें. याचा अर्थ असा कीं, आधीं वस्तु ओळखावी आणि मग तिची शुद्धि ठरवावी. हें त्यांचें सूत्र. आम्हीं सूत्र सोडलें आणि रिठा तेवढा धरून बसलों. वर्गांत पाठांतर करणाऱ्या मुलांस आम्ही ज्या दोषासाठीं उभें करीत होतों तोच हा दोष. असो.

आतां मुलीनें, चर्मकारानें आणि अनुभवानें जें शिकविलें तें वाचकांच्या उपयोगासाठीं क्रमानें सांगतों. नाचाचा जोडा सर्वांच्या घरीं नसेल. परंतु अतलसाचा बटवा, मुंजीच्या मुलाची टोपी, लग्नांतली मोजडी, नाटकाचा पोशाख यांपैकीं कांहीं ना कांहीं असतेंच.

पहिली गोष्ट धुळीची. प्रत्येक वेळीं वापरल्यावर मऊ केंसांच्या कोरड्या ब्रशानें धूळ झाडावी, आणि ती धाग्याच्या दिशेनें झाडावी, आडवी नव्हे. बसलेल्या धुळीवर ओलें फडकें फिरविलें कीं, तिचा चिखल होतो आणि तो विणींत शिरतो.

दुसरी गोष्ट चिखलाची. ओला चिखल कधींहि पुसूं नये. आपली काळी माती अतिशय बारीक व चिकट असते. ओली असतांना पुसली कीं, धाग्यांच्या आंत दडपली जाते. ती पूर्ण वाळूं द्यावी. वाळली कीं, तिला भेगा पडतात आणि बराचसा भाग आपण होऊन सुटतो. उरलेला ब्रशानें झाडावा. आमच्या नातवानें केलेला चिखल एक रात्र तसाच ठेविला असता, तर पाण्याचें कारणच फारसें उरलें नसतें.

तिसरी गोष्ट उरलेल्या मळाची. वाटीभर थंड पाण्यांत सौम्य साबणाचे, केंस धुण्याच्या साबणाचे म्हटलें तरी चालेल, दोनचार थेंब टाकून फेंस करावा. पांढरें फडकें त्या फेंसांत बुडवून घट्ट पिळावें. रंगीत फडक्याचा रंग लागतो. प्रथम टांचेच्या आंतल्या बाजूस, जेथें कोणी पाहत नाहीं तेथें, लावून पाहावें. रंग न सुटल्यास डागावर टिपावें, घांसूं नये. मग स्वच्छ पाण्यांत पिळलेल्या फडक्यानें साबण टिपून काढावा. केवळ डागाचीच जागा ओली केली तर वाळल्यावर तिच्याभोंवतीं पाण्याची कड उमटते. म्हणून शेवटीं एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचा सर्व भाग सारखा दमट करावा. आमच्याकडे विंधणविहिरीचें पाणी जड आहे. त्यांत साबणाची पांढरी साय धरते आणि ती अतलसावर दिसते. यास्तव उकळून निववून गाळलेलें पाणी घ्यावें.

चौथी गोष्ट तेलकट डागाची. पाणी लावूं नये. डागावर टाल्कम पावडर किंवा मक्याचें पीठ पसरून रात्रभर ठेवावें आणि सकाळीं झाडावें. तेल पीठ शोषून घेतें. एकदां न भागल्यास पुन्हां करावें.

पांचवी गोष्ट हळदीची. आमच्या घरांत ही नित्याची. साबण लावूं नये, हें वर आलेंच. कोरडी हळद झटकून टाकावी, फुंकरीनें उडवावी. उरलेल्या डागास सौम्य लिंबूपाणी टिपावें, साध्या पाण्यानें तें काढावें, आणि मग सूर्यनारायणावर भिस्त ठेवावी. हळदीचा रंग उन्हांत टिकत नाहीं. मात्र कडक उन्हानें कापडाचा रंगहि उडतो आणि खळहि सैल होते. म्हणून बाकीचा जोडा फडक्यानें झांकून तेवढाच डाग सकाळच्या कोंवळ्या उन्हांत तासभर धरावा. आम्हीं असें तीन दिवस केलें. भाद्रपदांतलें ऊन लपंडाव खेळतें. तरी डाग फिकट झाला. पूर्ण गेला नाहीं.

वर्ज्य गोष्टी अशा. कापड पांढरें करणारें ब्लीचिंगचें पाणी वापरूं नये. नखांचा रंग काढण्याचें औषध लावूं नये. ॲसिटेट जातीचें साटीन त्यांत चक्क विरघळतें. इस्त्री, शेगडी किंवा गरम वारा लावूं नये. वाळवितांना आंत पांढऱ्या कागदाचे बोळे भरावेत म्हणजे आकार राहतो. वर्तमानपत्र भरूं नये, त्याची शाई उतरते. तळास पाणी लावूं नये. फरशीवरचें मेण व धूळ बसून तो तुकतुकीत झाला कीं, तारेच्या ब्रशानें हलकेच विंचरावा. जोडा सुती पिशवींत ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवींत घामाचा ओलावा कोंडतो आणि बुरशी धरते.

आणि सर्वांत मोठा नियम, जो मुलीनें शेवटीं सांगितला, तो हा कीं, हा जोडा घालून रस्त्यावर कधींहि पाऊल टाकावयाचें नाहीं. नाचाच्या फरशीपर्यंत दुसरा जोडा घालून जावयाचें, तेथें बसून पाय पुसावयाचे, मग हा घालावयाचा; नाच संपला कीं, तेथेंच काढावयाचा. रस्त्याचा एक खडा, ओल्या जमिनीचा एक ठिपका त्यास लागला तर तो बाटला.

मुलगी हें सांगत असतां मातोश्री पलीकडे वाती वळीत बसल्या होत्या. "बाटला" हा शब्द अर्थात् आमचा. परंतु तो ऐकून त्यांनीं मान वर केली. "म्हणजे बाहेरचं कांहीं लागूं द्यायचं नाहीं?" त्यांनीं विचारलें.

"नाहीं आजी."

"दुसऱ्यानं घातला तर?"

"चालत नाहीं. पायाचा आकार बसतो त्याला. ज्याचा त्यानंच घालायचा."

"आणि काम झालं कीं काढून ठेवायचा?"

"हो."

मातोश्री थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "अग, मग हें सोंवळंच कीं! आधीं सांगायचं नाहींस का? मी चपलांत ठेवायला लावलं." इतकें बोलून त्या उठल्या, आपल्या मुकट्याच्या पेटींतून एक जुनें धूत सुती फडकें त्यांनीं काढलें आणि मुलीपुढें ठेविलें. "यांत गुंडाळ. आणि वरच्या फळीवर ठेव. माझ्या वळणीवर नको, पलीकडच्या फळीवर."

वाचकहो, यांत मातोश्रींनीं आपला आचार सोडला असें आम्हांस वाटत नाहीं. जोडा त्यांच्या सोंवळ्यापासून दूरच राहिला. त्यांनीं ओळखलें तें एवढेंच कीं, दुसऱ्याच्या कामासहि कांहीं नियम असतात आणि ते पाळणारें माणूस स्वैर नसतें. कथ्थक किंवा लावणी करणारी कलावती घुंगरू बांधण्यापूर्वीं त्यांस हात लावून नमस्कार करते, हें आपण पाहतों आणि आपणांस त्यांत कांहीं वावगें वाटत नाहीं. घुंगरूहि पायांतलेच. सातासमुद्रांपलीकडच्या नृत्यानें आपल्या पायांतल्या वस्तूस तोच मान दिला, एवढाच काय तो फरक. आमचा उरलेला अर्धा विरोध तेथें मावळला.

स्पर्धा झाली. तिला व तिच्या जोडीदारास बक्षीस मिळालें नाहीं. दुसऱ्या फेरींतच तीं दोघें बाहेर पडलीं. उजव्या जोड्याचा तळ वळतांना किंचित् अडखळतो असें ती म्हणाली. त्यामुळें हार झाली असें मात्र ती म्हणाली नाहीं. आम्हीं नवीन जोडा घेऊन देण्याची गोष्ट काढली, तेव्हां ती म्हणाली, "काका, वर्षभर हाच चालेल. पुढच्या वेळीं मात्र माझं वाक्य पुरं होऊं द्या." हें आम्हीं मान्य केलें आहे आणि आमच्या टिपणवहींत लिहूनहि ठेविलें आहे.

तिच्या नाचाचें चित्रण बंधूंनीं मोबाइलवर सर्वांस दाखविलें. संगीत, पोशाख, दिवे यांविषयीं प्रत्येकानें कांहीं ना कांहीं म्हटलें. मातोश्रींनीं चष्मा पुसून दोनदां तें पाहिलें. त्यांची नजर आरंभापासून अखेरपर्यंत पायांवर होती. शेवटीं त्या म्हणाल्या, "डाग दिसत नाहीं." मग थोडें थांबून, "दिसला असता तरी महालक्ष्मीचीच हळद होती."

रेशमी वस्त्रांवरील हळदीच्या डागास ज्या भगिनींच्या घरीं कांहीं परंपरागत उपाय असेल त्यांनीं तो संपादकांच्या पत्त्यावर आम्हांस अवश्य कळवावा. मात्र वस्त्र कोणतें, धागा कोणता, हें आधीं लिहावें. तें जाणल्यावांचून उपाय करावयाचा नाहीं, असा आम्हीं आतां नियम केला आहे.